उरलेला घोट

ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की आठवते, कारण रूताला ताप होता आणि दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, औषध चारला म्हणजे चारलाच द्यायचं. औषध पाजलं, पोरगी बाजेवर डोळे मिटून पडली आणि मी चुलीपाशी गेले तर चूल गार. काड्याही संपलेल्या. म्हणून पत्र्याचा एक तुकडा हातात घेतला आणि शेजारी लेमलेमकडे निखारे मागायला निघाले. काम एवढंच होतं.

तिच्या दाराशी पोचायच्या आधीच वास आला. कॉफीचे दाणे भाजल्याचा.

मी थबकले. सुदानमधल्या कसला शहराजवळच्या या छावणीत आम्ही सगळ्या एरिट्रियाहून पळून आलेल्या बायका. कुणाकडे पीठ नसेल, कुणाकडे पांघरूण नसेल, पण कॉफी कुणी एकटीने भाजत नाही. दाणे तडतडायला लागले की शेजारणीला हाक जाते. भांडण असलं तरी जाते. मग बसायचं, तीन फेऱ्या प्यायच्या. तिसरी फेरी आशीर्वादाची. ती घेतल्याशिवाय उठू नये म्हणतात.

आणि इथे तर मला हाक आली नव्हती. मधे एका कुडाचं अंतर, आणि हाक नाही.

मी पडद्याच्या फटीतून आत बघितलं. खोटं कशाला सांगू, बघितलंच. लेमलेम पांढरी ओढणी घेऊन बसली होती. केस ताजे विंचरून बारीक वेण्या घातलेल्या, वेण्यांना लोणी लावलेलं. तळव्यांवर मेंदी. आमच्यात नवरा बऱ्याच दिवसांनी घरी येणार असला की बाई अशी सजते. तिचा नवरा इयोब तुरुंगात. माझा गोइतोमही तुरुंगात. दोघांना एकाच दिवशी, एकाच गाडीत घालून नेलं. मग ही सजली कुणासाठी?

ती उठली. धूर निघणारा तवा घेऊन समोरच्या तिवईपाशी गेली. भाजलेल्या दाण्यांचा धूर पाहुण्यांपुढे नेतात, पाहुणा हाताने तो स्वतःकडे ओढून घेतो, तसा तिने तवा पुढे धरला. तिवई रिकामी होती.

धूर सरळ वर चालला होता. मग तो वाकला. कुणीतरी पंजाने दोनदा ओढून घ्यावा तसा तिवईकडे वाकला आणि तिथेच नाहीसा झाला.

दाराचा पडदा हललेला नव्हता. वारा नव्हताच.

"जास्त नाही ना भाजले?" लेमलेम हळू आवाजात म्हणाली आणि हसली. असं हसणं मी तिच्या तोंडून तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी खोकले. ती दचकून बाहेर आली, माझ्या पत्र्यावर चार निखारे टाकले आणि दार अडवून उभी राहिली.

"आज आत नको येऊस, झुफान. पाहुणा आहे."

"कोण पाहुणा?"

"तुझी पोर रडतेय बघ," ती म्हणाली.

रूता रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरपाशी मी अद्दे अल्गानेशना सांगितलं. अद्दे म्हणजे आई. त्या कुणाच्याच आई नाहीत, म्हणून सगळ्या छावणीच्या आहेत. कान जरा कमी ऐकतात, नाक मात्र तिखट.

"वास मलाही आला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता हाक येईल, मग येईल. संध्याकाळ झाली तरी मी आपली ओढणी सावरून बसलेय. एकटी भाजते म्हणजे एक तर वेडी झाली नाही तर बाप्या ठेवलाय. वेडी असली तर मी तिच्यासाठी प्रार्थना करीन."

"आणि बाप्या असला तर?"

"तर बघायला येईन. या छावणीत बघण्यासारखा एक तरी बाप्या आहे का?"

रांगेतल्या बायका खोखो हसल्या. मीही हसले. पण मला हसू येत नव्हतं. मला लेमलेमच्या वेण्या दिसत होत्या, तिची मेंदी दिसत होती. माझे केस तापलेल्या पोरीच्या उशाशी बसून राठ झालेले. लोणी मिळालं तर मी ते रूताच्या भाकरीला लावीन, केसांना कुठून लावू?

लेमलेमचं आणि माझं आतून कधीच धड नव्हतं, हेही सांगायला हवं. आमचे नवरे लष्करी सेवेत एकाच तुकडीत होते. सेवा अठरा महिन्यांची म्हणून सांगितलेली, ती वर्षानुवर्षं संपेना. एका सभेत गोइतोमने उठून विचारलं, "आम्हाला घरी कधी सोडणार?" इयोब त्याच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "बरोबर विचारतोय." दोनच शब्द. पुढच्या रजेत आम्ही चौघं लेमलेमच्या घरी कॉफीला बसलो होतो. माझ्या पोटात रूता होती. दुसरी फेरी झाली आणि दारात शिपाई उभे राहिले. तिसरी फेरी कॉफीच्या सुरईतच राहिली.

गोइतोमची एक सवय होती. कॉफी कधी पूर्ण प्यायचा नाही. शेवटचा एक घोट ठेवायचा आणि कप माझ्या हातात द्यायचा. त्या दिवशीही त्याने तसंच केलं. शिपायांसमोर कप माझ्या हातात दिला आणि उठला. मी तो घोट प्याले नाही. माझ्या हातातच कप गार झाला.

कुठे नेलं, खटला कधी, शिक्षा किती, काही नाही. जेवणाचा डबा घेऊन मी एकेका तुरुंगाच्या दारात गेले, प्रत्येक दारात शिपाई म्हणायचा, इथे त्या नावाचं कुणी नाही. लेमलेम मला त्यावरून एकदाच बोलली होती. "प्रश्न तुझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली, "आणि उत्तर माझ्याही घरी आलं." आम्ही सीमा ओलांडली तीही एकत्रच, एकमेकींचा हात धरून, तरी ते वाक्य आमच्यामधे चालतच होतं.

चार-पाच दिवस मी सोसलं. रोज त्याच वेळेला वास. रोज तिचं ते दबकं हसणं. शेवटी मी पडदा सारून आत शिरलेच.

"कोण येतो, ते सांग. नाही तर मी बोंब मारते."

ती रागावली नाही. उलट तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिला ओरबाडावंसं वाटलं.

"इयोब येतो," ती म्हणाली.

"सुटला?"

"ते मला माहीत नाही. येतो एवढं खरं. तिसऱ्या फेरीला येतो. त्याची तेवढीच राहिली होती ना... ये, बस. पण बोलू नकोस. आणि बाहेर कुणाला सांगू नकोस, दृष्ट लागेल."

मी जमिनीवर बसले. पहिली फेरी आम्ही दोघींनी प्यायली. दुसरीही प्यायली. मग तिने मातीच्या सुरईत तिसऱ्यांदा पाणी घातलं, निखाऱ्यांवर ठेवली, आणि एक तिसरा कप पुसून तिवईपुढे मांडला.

बाहेर ऊन रटरटत होतं. एक गाढव ओरडत होतं, ते मधेच गप्प झालं. आणि मग मला आवाज ऐकू आला.

टिक्.

थोड्या वेळाने पुन्हा. टणक्... टिक्.

तापलेला पत्रा उन्हात प्रसरतो ना, तसा आवाज. मी वर बघितलं. लेमलेमचं छप्पर गवताचं. आमच्या ओळीत पत्र्याचं छप्पर एकाही झोपडीला नाही.

पाठोपाठ वास आला. कॉफीच्या वासाला मागे सारून आला. गंजलेलं लोखंड आणि बंद जागेतल्या माणसांचा घाम. लेमलेमने डोळे मिटून तो वास आत घेतला, अत्तर घ्यावं तसा.

तिने कप भरला. काठापर्यंत.

मी कपावरून नजर हलवली नाही. कुणी कप उचलला नाही. कप जागचा हललाही नाही. पण त्यातली कॉफी खाली जात होती. सावकाश नाही, घटाघटा. फार तहानलेला माणूस पाणी पितो तशी. तळाचा गाळ दिसला, मग तोही कोरडा पडला, आणि कपाच्या मातकट तळाला बारीक चीर गेली, इतका तो तापला होता.

"अजून घे," लेमलेम कुजबुजली आणि पुन्हा भरला.

मी भ्याले नाही असं नाही. पण भीतीच्याही खालून वेगळंच काहीतरी वर आलं, आणि ते भीतीहून मोठं होतं. हिचा येतो. एवढ्या शिपायांमधून, एवढ्या वाळवंटातून हिची कॉफी शोधत येतो. आणि माझा? माझ्या घरात त्याची पोरगी आहे, जिचं तोंडही त्याने बघितलेलं नाही. लेमलेमकडे काय आहे? मूल नाही, बाळ नाही. दोन वेण्या आणि मेंदी.

"त्याला विचार ना," मी न राहवून म्हणाले. "गोइतोमबद्दल विचार. तो का नाही आला म्हणावं..."

"तो बोलत नाही. पितो फक्त."

"एकदा विचार, लेमलेम."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. कीव आणि तोरा दोन्ही होतं त्यात.

"मनापासून बोलावत नसशील," ती म्हणाली. "मनापासून बोलावलं की येतात."

झालं. त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी अद्देंकडून मूठभर हिरवे दाणे मागून आणले. "कुणासाठी?" त्यांनी विचारलं. "पाहुण्यासाठी," मी म्हणाले. "हिलाही पाहुणा!" अद्दे कपाळावर हात मारून म्हणाल्या. "एखादा माझ्याकडे पाठवा गं, मी चार चपात्या जास्त करीन." पण दाणे दिले, वर सुंठेचा एक तुकडा दिला.

मी केस धुतले. वेण्या घालता येईनात, एकटीला मागे हात पोचत नाही, म्हणून नुसतेच बांधले. दाणे भाजले. तवा रिकाम्या स्टुलापुढे धरला. धूर सरळ वर गेला. छपराला लागला आणि फुटला. दुसऱ्या दिवशीही वरच गेला. तिसऱ्या दिवशी मी गोइतोमला आवडणाऱ्या लाह्यांचा वाडगा भरून ठेवला, तो रूताने संपवला.

ईस्टर आला, गेला, त्यावरही आठवडे गेले. दाणे संपले की अद्देंकडून पुन्हा आणायची, आणि रोज मी कप भरायची. रोज तो भरलेलाच गार व्हायचा, वर साय धरल्यासारखी एक तांबूस कड यायची. आणि कुडाच्या पलीकडून लेमलेमचं हसणं यायचं.

मी गोइतोमवर चिडायला लागले. कधी कधी वाटायचं, तिथे त्याला दुसरी कुणी आठवत असेल. तुरुंगात बसलेल्या माणसाचा मला मत्सर वाटत होता, आणि मत्सर कुणावरून, ते मलाच ठाऊक नव्हतं. रूता बाजेवर बसून माझ्याकडे बघायची. तिला वाटायचं, आई स्टुलाशी भांडते.

एका दुपारी रूताचा ताप पुन्हा चढला. औषध पाजलं, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं आणि तशाच भरात मी तिसरी फेरी ओतली. माझा धीर संपला होता. मी स्टुलाकडे तोंड करून म्हणाले, "गोइतोम, ऐक. तुझी बायको बोलावतेय. तुझी पोरगी बोलावतेय. मी किती दिवस अशी बसू? यायचं तर आज ये. आज, आत्ता. जसा असशील तसा ये."

जसा असशील तसा. हेच शब्द होते माझे.

टिक्.

रूता झोपेत कण्हली, म्हणून मी वळून तिच्या कपाळावरचं फडकं फिरवलं. जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माझी पाठ होती. पुन्हा बघितलं, तर कपातली कॉफी खाली गेली होती.

रिकामा नव्हता. तळाशी एक घोट ठेवला होता.

मी रडले. हसलेही. कप उचलला तर पोळत होता. तो घोट मी प्याले. आधीचा घोट तीन वर्षांपूर्वी माझ्या हातात गार झाला होता, हा मी वाया जाऊ दिला नाही. लोखंडाची चव होती त्याला, पण मला गोड लागला. पहिला विचार काय आला माहीत आहे? लेमलेमला सांगायचं. आत्ताच्या आत्ता तिच्या दारात जाऊन सांगायचं, माझाही आला, आणि तुझ्या इयोबसारखा सगळं ढोसून गेला नाही, बायकोसाठी राखून गेला.

तशीच अंगावर ओढणी टाकून निघाले. लेमलेमच्या दारात माणसं जमली होती. अद्दे होत्या. बाजेवर एक माणूस बसला होता, हाडांवर कातडं ओढल्यासारखा, डोळ्यांवर फडकं बांधलेलं. त्याला उजेड सहन होत नव्हता. बेराखी त्याचं नाव. आदल्याच दिवशी सीमा ओलांडून आला होता, आणि कुणाकुणाच्या बायका इथे आहेत ते विचारत घरोघर चालला होता.

"आम्हाला लोखंडी कंटेनरमधे ठेवलं होतं," तो सांगत होता. आवाज इतका बारीक की सगळे पुढे वाकले होते. "जहाजातून माल येतो ना, तसले. रणरणत्या उन्हात उभे केलेले. आत एकवीस माणसं. दुपारी चारच्या सुमाराला पत्रा सगळ्यात तापायचा. आवाज करायचा... टिक्, टणक्. आम्ही त्यावरून वेळ ओळखायचो. पाणी दिवसातून एकदा, एक पेला."

त्याने घसा ओला केला. अद्देंनी पाण्याचा लोटा त्याच्या हातात दिला होता, तो त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"बाई," तो म्हणाला, "लेमलेम म्हणजे तुम्हीच ना? इयोब आमच्यातून गेला. ईस्टरच्या आधीच्या उपासात. शेवटी शेवटी त्याला भ्रम झाला होता. एकच म्हणायचा, माझी तिसरी फेरी राहिलीय. दुसरा एक होता, गोइतोम नावाचा. त्याने स्वतःच्या पेल्यातलं अर्धं पाणी रोज त्याच्या ओठांना लावलं. कॉफीच आहे म्हणून सांगायचा त्याला. घे, तिसरी फेरी आहे म्हणायचा. मेल्यावर त्याचे डोळेही त्यानेच मिटले."

एका बाईने लेमलेमचा खांदा धरला.

"आणि गोइतोम?" अद्देंनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मी निघालो तेव्हा जिवंत होता. दोन महिने होतील त्याला. रोडावलाय, पण डोकं शाबूत आहे. म्हणायचा, मला बाहेर जायचंय, मुलगा झाला की मुलगी ते बघायचंय."

ईस्टरच्या आधी. लेमलेमकडची कॉफी ईस्टरच्या आधी सुरू झाली होती. मला कळलं. लेमलेमला माझ्याही आधी कळलं. ती हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली, मेंदीचे हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे... मेला म्हणून येत होता," ती म्हणाली. "आणि मी नटत होते."

मग तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आता तिच्या डोळ्यांत तोरा नव्हता. जे मी इतके दिवस तिच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांत वागवत होते, तेच होतं.

"तुझा जिवंत आहे," ती म्हणाली. "तुझा येत नव्हता, कारण तुझा जिवंत आहे. नशीबवान आहेस, झुफान."

माझं तोंड उघडंच होतं. माझाही आला, हे शब्द जिभेवर होते. जिभेवर लोखंडाची चव होती. मी तोंड मिटलं.

इयोबच्या नावाने जेवण घातलं. छावणीतल्या धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली. आमच्याकडे घालण्यासारखं फार नव्हतं, पण प्रत्येक बाई घरून पाण्याचं एक भांडं घेऊन आली. कुणी ठरवलं नव्हतं. जिच्या रेशनचं पाणी संपलं होतं ती शेजारणीकडून उसनं घेऊन आली. ती सगळी भांडी लेमलेमच्या दारात ओळीने ठेवली, आणि अद्दे म्हणाल्या, "पी बाबा. पोट भरून पी आणि आता झोप." मग लेमलेमने कॉफी भाजली आणि या वेळेला सगळ्या ओळीला हाक मारली. तिसरा कप मांडला, भरला. तो भरलेलाच राहिला. अगदी अंधार पडेपर्यंत लेमलेम त्याच्याकडे बघत बसली होती. त्याचा गाळ खाली बसला, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता ती रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसते. रूताला खेळवते, तिच्या वेण्या घालते. मधेच म्हणते, "बाप येईल हं तुझा." म्हणताना तिचा आवाज असा काही होतो की मी रूताला तिच्या मांडीवरून काढून घेते. मी तिला काय सांगू? की मी तुझ्याहून कमी नाही? ती माझ्यावर जळते, आणि मला देवाकडे एवढंच मागायचंय की तिने जळतच राहावं. तिने जळावं असं काहीतरी माझ्याकडे खरंच असावं.

कारण मी त्या दिवसापासून कॉफी भाजलेली नाही. उरलेले दाणे अद्देंना परत केले. कप धुतला, फळीवर उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी चारच्या औषधानंतर बघितलं, तर कप स्टुलापुढे होता. सुलटा. तळाशी एक घोट.

मी तो बाहेर मातीत ओतला. कप पुन्हा धुतला, फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला. पुढच्या दुपारी तो पुन्हा तिथेच. मी फोडला नाही. हात उचलला होता, पण वाटलं, फुटला आणि तिथे, त्या लोखंडी कंटेनरमधे, काही फुटलं तर? दोन महिन्यांपूर्वी जिवंत होता. बेराखीने बघितलं त्यानंतर मी त्याला बोलावलं. जसा असशील तसा ये म्हणाले. तो माझ्या बोलावण्याने... की आधीच... हे मला कोण सांगणार? नुसता येत असेल का एखादा, जिवंतपणी, झोपेत, तापात? अद्देंना आडून विचारलं तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बोलावणं मागे घे, पोरी. मेलेला असेल तर त्याला वाईट वाटेल, त्याला आपण पाणी देऊ. पण जिवंत असेल तर त्याला तिथेच राहू दे."

मी रोज मागे घेते. मोठ्याने म्हणते. येऊ नकोस म्हणते. टिक् वाजतंच.

परवा लेमलेम दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. नाक वर केलं.

"झुफान," ती हळूच म्हणाली, "एकटीच भाजतेस?"

माझी चूल विझलेली होती. तिने चुलीकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, आणि परत गेली. तिचा चेहरा मला दिसला नाही. बरं झालं, दिसला नाही.

आणि काल कप रिकामा होता. कोरडा ठणठणीत. क्षणभर मला वाटलं, संपलं, सुटलो आम्ही. मग बाजेकडे बघितलं. रूता उठून बसली होती. तिचा ताप साफ उतरला होता, अंग गार होतं. ओठ तपकिरी झाले होते आणि ती ते चाटत होती. स्टुलाकडे बघून हसत होती.

मला आधी काय वाटलं, ते सांगते. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, माझा घोट तिला का दिला?

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही या छावणीतून त्या छावणीत जाता, तुम्हाला माणसं भेटतात. सीमेपलीकडून आलेला, उजेडात डोळे मिटणारा कुणी भेटला तर त्याला आधी पाणी द्या, मग विचारा, गोइतोमला शेवटचं कधी बघितलं. डाव्या भुवईत वण आहे त्याच्या. आणि पलीकडे निरोप जाण्याची काही वाट असेल तर एवढं पोचवा: मुलगी झाली, नाव रूता. झुफानने बोलावणं मागे घेतलंय. तहान लागली तरी तिथेच राहा. यायचं ते पायांनी चालत ये, दारातून वाकून ये, कप हाताने उचल.

एकाने दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने तिसऱ्याला. पण उद्या चारच्या आत त्याच्यापर्यंत पोचेल असं बघा.